गोव्यात बांधणार होते ते नौदलाचे 12 माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग काढणारी जहाजं), त्यांचं काय झालं?

लालबागकर:
माझे वडील गोदीत फिटर होते. 9 मे 2017 ला 'कारवार' आणि 'काकीनाडा' ही माइनस्वीपर जहाजं इथे मुंबईतच निवृत्त झाली, दोन्ही 1986 ची, रशियन बनावटीची. मागच्या डेकवरच्या वायरच्या ड्रमचं काम वडिलांनी कित्येकदा केलंय, त्यामुळे त्या दिवशी घरात सगळे गप्पच होते. तेव्हा ऐकलं होतं की गोव्यात 12 नवीन बांधणार, मग एकदम बातम्याच बंद. कोणाला माहितीये का?

माझगावचा:
रद्द झालं ते, आणि एकदा नाही दोनदा. आधी कोरियाच्या कांगनाम कंपनीची निवड झाली होती, पण सौद्यात मध्यस्थ असल्याचे आरोप झाले आणि 2014 ला टेंडर रद्द झालं. मग 2015 ला काम गोवा शिपयार्डकडे, तंत्रज्ञान परत कांगनामचंच, साधारण 32,000 कोटींचा प्रोजेक्ट. किंमत आणि तंत्रज्ञान किती देणार यावर बोलणी अडली ती अडलीच, जानेवारी 2018 ला तेही बंद. मला मनापासून वाईट वाटतं, एवढी वर्षं हातची गेली.

दर्यासारंग_उरण:
लोक विचारतात की फायबरची बोट तर ससून डॉकला पण दिसते, मग तंत्रज्ञान बाहेरून कशाला आणायचं? अहो, हे जवळपास 900 टनांचं जहाज! पाणसुरुंग लोखंडाचं चुंबकत्व ओळखतो, इंजिनाचा आवाज पण ओळखतो, म्हणून हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, जाड फायबरग्लासचा, आतली मशिनरी पण शक्य तितकी चुंबकत्व नसलेली आणि आवाज दाबलेली लागते, वर जवळ स्फोट झाला तरी हल टिकला पाहिजे. जुने स्वीपर वायर ओढत नेऊन सुरुंगाचा दोर कापायचे, नवीन डिझाइनमध्ये सोनार यंत्राने (आवाजाच्या लहरींनी) सुरुंग शोधून पाण्याखालचा रोबो पाठवायचा. हे सगळं पहिल्यांदाच करणाऱ्याला शिकवणारा कोणीतरी लागतोच.

लालबागकर:
खूप आभार दोघांचे. मग आता आपल्याकडे किती उरलेत?

माझगावचा:
एकही नाही. शेवटचं 'कोझिकोड' एप्रिल 2019 ला विशाखापट्टणमला निवृत्त झालं. आपल्या मुंबई बंदराची आणि न्हावाशेवाची मोठी जहाजं खोदलेल्या चॅनलमधूनच येतात, तिथे कोणी चार सुरुंग टाकले तरी सगळं ठप्प. जुलै 2025 ला संरक्षण मंत्रालयाने अशा जहाजांना पुन्हा मंजुरी दिलीये, यावेळी भारतातच डिझाइन करून बांधायची. पण ही पहिली पायरी, टेंडर, करार सगळं त्यानंतर. वडिलांना सांगा, पहिलं जहाज पाण्यात उतरलं की इथेच लिहीन.