सुपरचार्जरची गाडी आणि एअर फिल्टर : कोल्हापूरकरांनी अनुभव लिहावेत

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि प्रत्येक फेरीला ठरावीक घनफळाची हवा ओढतो. त्यामुळे त्याच्या तोंडाशी दाब जितका कमी, तितकी इंजिनाला मिळणारी हवा विरळ. हवेला कमी अडवणाऱ्या, मोकळ्या फिल्टरचा आग्रह त्या अर्थाने रास्तच आहे. परंतु आपल्याकडे गळीत हंगामातली धूळ, फौंड्रीची वाळू आणि घाटातला पाऊस असे तिन्ही असल्याने बाहेरच्या तुलना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. म्हणून ज्यांनी एकाच गाडीवर निरनिराळे फिल्टर वापरले आहेत, त्यांनी फरक कसा मोजला तेही लिहावे.

माझी गाडी जुनी मर्सिडीज सी 200 कॉम्प्रेसर, म्हणजे सुपरचार्जरचीच. फिल्टर आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या पाइपला मी एक पारदर्शक नळी जोडली, ती यू आकारात वळवून तीत कुंकू कालवलेले पाणी भरले, आणि कागलच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला असताना दोन पातळ्यांतले अंतर शेजारी बसलेल्या मित्राने फूटपट्टीने मोजले. दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे दहा मिलिबार, अर्थात वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. नवा कागदी फिल्टर आणि तेल लावलेला कॉटनचा फिल्टर यांच्यातला फरक इतकाही भरला नाही. मात्र उसाच्या ट्रॅक्टरांमागून हंगामभर फिरलेला कागदी फिल्टर बसवला, तेव्हा पाणी ठळकपणे वर चढले. माझ्या मते फिल्टरचा प्रकार बदलण्यापेक्षा तो वेळेवर बदलणे अधिक फायद्याचे आहे.

शिरोलीहून
मी फौंड्रीत काम करतो, त्यामुळे सिलिका वाळू काय करते हे रोज पाहतो. सुपरचार्जरच्या रोटरमधली (हवा ढकलणाऱ्या फिरत्या भागांमधली) फट अतिशय अरुंद असते आणि फिल्टरमधून निसटलेला कण सर्वांत आधी तिथेच पोहोचतो. आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हवेला होणारा अडथळा, धूळ अडवण्याचे प्रमाण आणि धूळ साठवण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी मोजतात; जाहिरातीत बहुधा पहिलीच सांगितली जाते. मी कॉटनचा फिल्टर वापरत असताना त्याच्या मागच्या पाइपमध्ये पांढरे कापड फिरवले, तर त्यावर पिठासारखी बारीक करडी पूड आली. कागदी फिल्टर बसवून, त्याच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात देऊन तीच तपासणी केली, तेव्हा कापड स्वच्छ निघाले. येथे गाडी उभी करणाऱ्याने दुसरा विचार करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

राजारामपुरीहून
माझ्या टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबणाऱ्या) पेट्रोल गाडीला आधीच्या मालकाने बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवलेला होता. आवाज दमदार येत असे, पण रंकाळ्याजवळच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर गाडी बराच वेळ मंद वाटे. कारण साधे आहे : उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. आत येणारी हवा 30 अंशांऐवजी 45 अंशांची असेल, तर तिची घनता सुमारे पाच टक्क्यांनी घटते, आणि पुढे दाबली गेल्यावर ती आणखी तापते. वर मोजलेल्या एका टक्क्याशी याची तुलना करावी. मूळ बंद डबा आणि ग्रिलमागून थंड हवा आणणारा पाइप परत बसवल्यापासून ती तक्रार उरली नाही.

उद्यमनगरहून
गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांत कॉटनच्या फिल्टरला धुतल्यानंतर जास्त तेल लावल्याची प्रकरणे वारंवार दिसतात. ते तेल हवामापक सेन्सरच्या तारेवर बसते, मोजमाप चुकते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. फिल्टर सावलीत पूर्ण वाळवावा, घड्यांवर तेलाची एकच बारीक रेघ द्यावी, ते आपोआप पसरू द्यावे आणि मगच तो बसवावा.

गगनबावड्याहून
आमच्याकडे पावसाळ्यात धुळीचा प्रश्नच नसतो. त्रास पाण्याचा : फिल्टरचा कागद भिजून फुगतो आणि गाडी चढावर दम टाकते. तेल न लागणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या फिल्टरने हा त्रास बराच कमी झाला. राजारामपुरीच्या सदस्यांना एक विचारायचे आहे : ग्रिलमागचा तो पाइप किती खाली उतरतो? रस्त्यावर पाणी असताना त्याचे तोंड बंपरच्या खालच्या कडेपेक्षा बरेच वर असले पाहिजे, नाहीतर हवेऐवजी पाणीच आत ओढले जाईल.