प्रति: बॅटर्सीचे सकलातवाला

'टाटांचा भाचा कम्युनिस्ट तिकिटावर निवडून येत राहिला' असं ब्रिटिश खासदार सकलातवालांबद्दल या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच बरोबर आहे. शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटर्सी मतदारसंघातून पहिल्यांदा जिंकले, तेव्हा ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, पण पाठिंबा मजूर पक्षाचा होता. १९२३ ला पडले. निव्वळ कम्युनिस्ट म्हणून विजय १९२४ चा, आणि त्यानंतर १९२९ पर्यंत ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात त्या पक्षाचे ते एकटेच.

१९२६ च्या ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर लंडनच्या हाइड पार्कात त्यांनी सैनिकांना आवाहन केलं, कामगारांवर गोळ्या झाडू नका. त्याबद्दल कोर्टाने मागितलेला चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला नकार दिला आणि खासदार असताना दोन महिने तुरुंगात काढले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला होता. म्हणजे दरारा बराच असावा!

पण चर्चेत एक गोष्ट आलेलीच नाही. १९२७ मध्ये या गृहस्थांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मुलांचा नवजोत (पारशी धर्मदीक्षेचा विधी) केला, तोही थाटात. पक्षाने त्यांची जाहीर कानउघाडणी केली. त्यांना 'कट्टर' कम्युनिस्ट म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं ते सांगावं.