अमेरिकेत एका काउंटीला शेती अनुदान आणि शेजारच्या काउंटीला शून्य, असे का?

प्रश्न:
अमेरिकेच्या मका-सोयाबीन पट्ट्यातील दोन लगतच्या काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अनुदानाच्या नोंदी मी अभ्यासासाठी पाहत आहे. पीक तेच आणि हवामानही सारखेच. तरीही एकाच वर्षी एका काउंटीत मक्यासाठी पैसे वाटले गेले आणि दुसरीत छदामही मिळाला नाही. शिवाय लाभार्थ्यांच्या यादीत दूरच्या शहरांतले पत्ते दिसतात. हे पैसे नेमके कशाचे आणि कोणाचे?

पहिला प्रतिसाद:
ही रक्कम बहुधा काउंटीचे पीक-उत्पन्न घटल्यास भरपाई देणाऱ्या ‘एआरसी-काउंटी’ योजनेची असावी. 2014 च्या कृषी कायद्याने जुने थेट अनुदान बंद केले आणि ही योजना व भाव पडल्यास भरपाई देणारी ‘पीएलसी’ सुरू केली. एआरसीत हिशेब साऱ्या काउंटीचा होतो: पाच वर्षांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा वगळून सरासरी उत्पादन आणि सरासरी भाव काढतात, त्यांचा गुणाकार करतात आणि प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या 86 टक्क्यांच्या खाली गेले तरच फरक देतात (2025 च्या पिकापासून ही हमी 90 टक्के झाली). समजा, दोन्हीकडे सरासरी एकरी 180 बुशेल (धान्याचे अमेरिकी माप) आणि बुशेलला 4 डॉलर भाव, म्हणजे 720 डॉलर धरले, तर 86 टक्क्यांची हमी सुमारे 619 डॉलरची होते. एका काउंटीचे उत्पन्न 600 भरले तर तिला एकरी 19 डॉलर मिळतील, शेजारी 625 भरले तर काहीच नाही. गारपिटीने एखाद्याचे पीक आडवे झाले, पण काउंटीची सरासरी टिकली, तर त्याच्या हाती या योजनेतून काही पडत नाही, आणि मला हाच तिचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दुसरा प्रतिसाद:
पत्त्यांविषयी सांगतो. पैसे यंदाच्या पेऱ्यावर नव्हे, तर त्या जमिनीवर पूर्वी घेतलेल्या पिकांवरून ठरलेल्या ‘बेस एकरां’वर, तेही 85 टक्के क्षेत्रावरच मिळतात, त्यामुळे मक्याचा बेस असलेल्या रानात सोयाबीन पेरले, तरी हिशेब मक्याचाच होतो. जमीन बटईने दिली असेल, तर शहरात राहणाऱ्या मालकालाही वाटा मिळतो. रोख खंडाने दिली असेल, तर रक्कम कसणाऱ्याच्या नावे येते खरी, पण पुढे मालक खंड वाढवून तिचा काही भाग काढून घेऊ शकतो. दरडोई मर्यादा 1,25,000 डॉलर होती, ती 2025 च्या कायद्याने 1,55,000 झाली. मात्र भागीदारीतील प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरतात, आणि 2018 च्या कायद्याने तर चुलत-मावस भावंडे, पुतणे व भाचे यांनाही कुटुंबात धरले, म्हणजे अशी वेगळी मर्यादा मागू शकणारी नावे आणखी वाढली. राबणाऱ्या हातांपेक्षा कागदावरची नावे वाढावीत, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
मग गारपीट झालेल्याने काय करायचे?

पहिला प्रतिसाद:
त्याच्यासाठी पीक विमा आहे. हप्त्याचा निम्म्याहून अधिक भार सरासरीने केंद्र सरकार उचलते आणि शेताच्या स्वतःच्या उत्पादनावर विमा घेता येतो. या मदतीला दरडोई मर्यादा नाही आणि कायद्यानुसार विमाधारकांची नावे गोपनीय असतात, म्हणून आपल्या यादीत ती सापडणार नाहीत. दोन काउंट्यांची तुलना करताना विम्याचे काउंटीनिहाय एकूण आकडे जोडूनच पाहावे.