भाड्याच्या फ्लॅटसाठी बाथरूम आणि फरशी: टिकाऊ काय?

उंबरा:
चिंचवडचा वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे. बाथरूम 4 बाय 7 फूट, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येतेय, म्हणून फोडावंच लागेल. पाणी बोअरचं, जड. हॉलमधल्या जुन्या सिरॅमिक टाइल्सची चकाकी गेली आहे. ठेकेदार म्हणतो, हॉलला जुन्यावरच नवीन चढवू आणि बाथरूमला खाली-वर सगळीकडे 2 बाय 4 फुटी ग्लॉसी लावू. अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलला तरी पुन्हा हात लावावा लागू नये, असं काय घ्यावं?

ओळंबा:
टाइल नंतर, आधी वॉटरप्रूफिंग. गळती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपचा (जमिनीवरचं पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालचा भाग) पाइप स्लॅबमधून जातो तिथे किंवा भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात असते. पाइपभोवती नॉन-श्रिंक ग्राउट (वाळल्यावर न आकसणारा मसाला), कोपऱ्यांना गोलाई, मग कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या भिंतीला सहा फूट चढवा. ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी 48 तास ठेवा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. ही चाचणी झाल्याशिवाय टाइलला हात लावू देऊ नका, ठेकेदार कितीही घाई करो.

जमिनीला 2 बाय 4 नकोच. ट्रॅपकडे चारी बाजूंनी उतार काढायला मोठी टाइल कापावी लागते, नाहीतर पाणी साचतं. 12 बाय 12 इंची मॅट अँटीस्किड (न घसरणारी) घ्या. उतार 80 ला 1, म्हणजे सात फुटाला साधारण एक इंच. भिंतीला 12 बाय 18 इंची सिरॅमिक पुरे. सात फूट उंचीला दार वजा जाता 136 चौ. फूट होतं, 10 टक्के तूट धरून 100 नग. जमिनीला 31.

सांधेवाला:
त्यात एवढं वाढवतो की सांध्यांना पांढरा सिमेंट भरू देऊ नका. भाडेकरू क्षारांचे डाग काढायला ॲसिड ओततातच. त्याने सिमेंटचे सांधे खाल्ले जातात आणि वाफेने नळांचं क्रोम काळं पडतं. टाइल्समध्ये 2 ते 3 मिमीची फट राखणारे स्पेसर आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (रेझिनचा मसाला). रेझिन, हार्डनर, फिलर थोडं थोडं कालवा, अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं. टाइलवरचा पातळ थर ओल्या स्पंजने लगेच पुसून घ्या, वाळल्यावर तो निघता निघत नाही.

उंबरा:
धन्यवाद. मग हॉलचं काय? लाकडी लॅमिनेट कसं?

ओळंबा:
लॅमिनेट नको. पोछ्याचं पाणी सांध्यात शिरलं की कडा फुगतात.

जुन्यावर चढवायचं तर आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. पोकळ वाजेल ती उचलून भरून घ्या, नाहीतर नवी टाइलही तिच्यासोबत उखडते. नवी टाइल व्हिट्रिफाइड (जास्त तापात भाजलेली घट्ट टाइल) घ्याल; ती पाणी शोषत नाही, म्हणून सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही; आयएस 15477 या भारतीय मानकाचं, टाइप 3 ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) दातेरी थापीने पूर्ण पसरून लावा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल बसवली की मध्ये पोकळी राहते आणि पलंगाचा पाय पडला की तडा जातो. 20 किलोची पिशवी 40 ते 50 चौ. फूट जाते. पातळी अर्धा इंच चढेल, म्हणून दारं खालून कापायची तयारी ठेवा आणि बाथरूमची जमीन हॉलपेक्षा खालीच राहील हे आधी मोजा.

व्हिट्रिफाइडमध्ये 2 बाय 2 फुटी डबल चार्ज (दोन थरांची) घ्या. वरचा 3-4 मिमी थर रंगासकट असतो, कपाट ओढलं तरी ओरखडा फारसा दिसत नाही. छापील ग्लॉसीत तो लगेच उठून दिसतो.

सांधेवाला:
बाथरूमला डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं) दार आणि ग्रॅनाइटची चौकट. लाकडी चौकट खालून कुजते. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा भाग) भिंतीत गाडू नका, भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) बसवा. त्याच्या आतलं काडतूस (पाणी उघड-बंद करणारा भाग) गेलं तर टाइल न फोडता बदलता येतं. मॅट काळे नळ जड पाण्यात लवकर पांढरे पडतात, क्रोमच घ्या. आणि प्रत्येक टाइलची त्याच बॅचची एकेक पेटी माळ्यावर ठेवा, खोक्यावरच्या शेड नंबरचा फोटो काढून.