[शाळा] रविवारच्या आत हवंय: कॉमिकच्या फुग्यांतली जोडाक्षरं फुटतायत

प्रेषक: तिसऱ्या स्तराची ताई
बुधवार, रात्री

मंडळी,

मुलांच्या कॉमिकच्या पट्ट्या झाल्या, छपाई अडली. पडद्यावर सगळं ठाकठीक दिसतं. पीडीएफ उतरवली की ‘किती’चं ‘कतिी’ होतं आणि ‘प्रश्न’चा ‘प्‌रश्‌न’. ‘दुसऱ्या’ तर ओळखूच येत नाही. फॉन्ट बदलून पाहिला, संगणक बदलून पाहिला. कॉमिक बनवायचं ऑनलाइन साधन तेच, बैठकीत ठरलेलं.

रविवारी भिंतीवर लावायच्या आहेत, मंडळाच्या अंकालाही त्याच द्यायच्या आहेत. मुलांना परत टंकायला लावणार नाही, आधीच सांगते. कोणाला उपाय माहीत असेल तर लगेच लिहा.

ताई

---

प्रेषक: वेबदादा
बुधवार, उशिरा

ताई, फॉन्टचा दोष नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकार साठवला जातो व्यंजनानंतर, दिसतो मात्र व्यंजनाच्या आधी. तो उचलून डावीकडे नेणं, अर्धा प आणि र मिळून ‘प्र’ करणं, ही अक्षरजुळणी करणारा भाग वेगळा असतो. ब्राउझरमध्ये तो आहे, म्हणून पडद्यावर नीट दिसतं. साधनवाल्यांची पीडीएफ मात्र त्यांच्या सर्व्हरवर बनते, आणि तिथलं यंत्र इंग्रजीच्या सवयीनं एकेक अक्षर ओळीत मांडत सुटतं.

म्हणून त्यांचं ‘डाउनलोड’ बटण वापरूच नका. पट्टी मोठी करून उघडा, ब्राउझरच्या ‘प्रिंट’मध्ये जा आणि तिथून पीडीएफ जतन करा. रंग उडाले तर त्याच खिडकीत पार्श्वभूमी छापण्याची एक खूण असते, ती करा.

‘दुसऱ्या’ची गोष्ट निराळी. तो र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत मध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं आणि काही साधनं ते ‘कचरा’ समजून काढून टाकतात. मग ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. अशा शब्दांत तो र नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या ‘ऱ’च्या) कळीनं घालायचा, टिकतो.

आणि अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा. इंग्रजी कॉमिकसारखं ऐसपैस दिसावं म्हणून कोणीतरी वाढवलंय, त्यानं शिरोरेघ तुटलीय. साधन निवडण्याआधी मला विचारा असं मी म्हटलं होतं. असो.

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, सकाळी

कोणी विचारण्याआधीच सांगतो: सशुल्क आवृत्ती घेणार नाही. प्रोजेक्टरच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांनी इतिवृत्त वाचावं.

---

प्रेषक: वेबदादा
गुरुवार, सकाळी

सशुल्क आवृत्तीचं कोणी नावही काढलेलं नाही.

---

प्रेषक: माई
गुरुवार, दुपारी

सगळ्यांना नमस्कार.

ताई, तुझी अडचण सुटावी असं मनापासून वाटतं, पण मी तुझ्या जागी असते तर अक्षरं त्या साधनात घातलीच नसती. चित्रं तिथं करावीत, फुगे रिकामे ठेवावेत, कागदावर छापावं आणि मुलांनी हातानं लिहावं. जोडाक्षर फुटत नाही, शिरोरेघ मुलंच ओढतात आणि ‘श्र’ कसा काढायचा ते बोटांना कळतं. आपल्या मुलांना आठवड्यातून एकदाच देवनागरी लिहायची संधी मिळते, तीही कळफलकाला द्यायची का?

दुसरं. मागच्या सत्रात मी तुझ्या वर्गात मागे बसले होते. मुलं तासभर पात्रांचे केस आणि बूट निवडत होती. संवाद लिहायला घेतले तेव्हा घरी न्यायला पालक दारात उभे. यात मुलांचा दोष नाही, पुढ्यात पन्नास टोप्या असतील तर मीही टोप्याच बघेन. आधी कागदावर चार चौकोन आखायचे, कोण कोणाला काय म्हणतो ते लिहायचं, ते बाईंना वाचून दाखवायचं, मगच संगणक उघडायचा. एका फुग्यात आठ-दहा शब्दांच्या वर नको. आणि एक चौकोन मुद्दाम बिनबोलाचा ठेवायला सांगायचा. मुलांना हे फार अवघड जातं. त्यांना वाटतं, कोणी बोलत नाही म्हणजे काही घडत नाही.

या साधनांचा खरा फायदा मला दिसतो तो वेगळाच. चित्र तसंच ठेवून पात्र बदलता येतं. मित्र दारात उभा आहे, मुलगी म्हणते ‘ये ना, बस’. आता मित्राच्या जागी आजोबा ठेवा. सगळे फुगे बदलावे लागतात: ‘या ना, बसा’, ‘तू काय करतोस’चं ‘तुम्ही काय करता’. आपली मुलं घरात सगळ्यांना ‘तू’ करतात कारण ऐकतात तेवढंच. फळ्यावर तक्ता लिहून हे शिकवायला मी वर्षानुवर्षं धडपडले, पालथ्या घड्यावर पाणी. चित्रातल्या आजोबांना ‘ए, बस’ म्हटल्यावर मात्र मुलं स्वतःच हसतात आणि स्वतःच दुरुस्त करतात.

पट्टी कापून चौकोन विस्कटून द्यायचे आणि क्रम लावायला सांगायचा, हाही खेळ चांगला होतो. त्याला संगणक लागत नाही. कात्री कपाटात आहे.

माई

---

प्रेषक: एक पालक (तिसरा स्तर)
गुरुवार, संध्याकाळी

माई, आदर ठेवून असहमत. माझ्या मुलाला हातानं लिहायला सांगितलं की तो दोन शब्दांत गोष्ट उरकतो. टंकायला दिलं तर तोच मुलगा पानभर भांडण लिहितो, तेही मराठीत. मोठेपणी तो मराठीत जे काही लिहील ते फोनवरच लिहील. मग देवनागरी टंकणं शिकवायचं नाही का?

शिवाय पट्टी टंकलेली असली की लगेच आजीला पाठवता येते. आजीचा फोन येतो, तो पाठांतरापेक्षा जास्त कामाला येतो.

माझा प्रश्न दुसराच आहे. मुलाला त्याच्या नावानं खातं काढायला सांगितलं होतं. साधनाच्या अटींमध्ये सरळ लिहिलंय की १३ वर्षांखालच्या मुलांनी स्वतः खातं काढू नये. तो नऊ वर्षांचा आहे. जन्मसाल खोटं घालायचं का? शेजारच्या वर्गात म्हणे सगळी मुलं एकाच खात्यात शिरतात आणि कोणीतरी कोणाची तरी पट्टी पुसतं. त्याच्यावरून घरी रडारड झालेली आहे.

---

प्रेषक: अण्णा (अंक)
गुरुवार, रात्री

मंडळी,

अंकाच्या वतीनं चार शब्द.

१. स्क्रीनशॉट पाठवू नयेत. ए४ पानभर पट्टी स्वच्छ छापायची तर २४८० गुणिले ३५०८ एवढे बिंदू लागतात. फोनवर झकास दिसतं ते कागदावर धूसर येतं. दर वेळी हेच सांगतो.

२. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत. ताईंनी पाठवलेल्या नमुन्यात दोन्ही हिंदी वळणाचे आहेत.

३. शुद्धलेखन अंक समिती तपासेल. ‘केलं’, ‘गेलं’, ‘त्यानं’ या ठिकाणी ‘केले’, ‘गेले’, ‘त्याने’ असे करून घेतले जाईल.

अण्णा

---

प्रेषक: तिसऱ्या स्तराची ताई
गुरुवार, रात्री

अण्णा, तिसऱ्या मुद्द्याला साफ नकार. चित्रातला मुलगा मैत्रिणीला ‘तू माझे पुस्तक कोठे ठेवले आहेस’ असं विचारणार नाही. असं आकाशवाणीच्या बातम्यांत बोलतात. फुगा म्हणजे तोंडातून निघालेलं बोलणं, ते बोलल्यासारखंच लिहायचं. चौकटीच्या वर जी निवेदनाची पट्टी असते, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी...’ वगैरे, तिथं तुमचं ‘केले-गेले’ आनंदानं ठेवा. मुलांना दोन्ही कळतील आणि फरकही कळेल.

फुग्यांना समितीनं हात लावायचा नाही. चूक असेल तर मला कळवा, मूल स्वतः दुरुस्त करेल.

---

प्रेषक: अण्णा (अंक)
गुरुवार, रात्री

अंकात काय छापायचं ते अंक समिती ठरवते. निवेदनाच्या पट्टीबद्दलची सूचना मान्य.

---

प्रेषक: वेबदादा
शुक्रवार, सकाळी

‘ल’बद्दल: बऱ्याच नव्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण असली तरच मराठी वळण येतं. हे साधन तशी खूण करू देत नाही. त्यामुळे एकतर हिंदी वळण सहन करा, नाहीतर मुळातच मराठी वळण असलेला फॉन्ट घ्या, आणि तो साधनाच्या यादीत असायला हवा. कॉमिकला शोभतील असे ‘बालू’ आणि ‘कलम’ आहेत, दोन्हींत देवनागरी आहे आणि दोन्ही मोफत आहेत. त्यांचं वळण अण्णांनी आधी डोळ्याखालून घालावं. साधनातले ते फुगीर इंग्रजी कॉमिक फॉन्ट निवडलेत तर त्यांत देवनागरी नसतेच. मग ज्याच्या संगणकात जो फॉन्ट सापडेल तो लागतो आणि प्रत्येकाला पट्टी वेगळी दिसते.

ओळींमधलं अंतरही वाढवा. इंग्रजीच्या मापानं ठेवलं की रफार वरच्या ओळीत घुसतो आणि उकार खाली कापला जातो.

---

प्रेषक: नाना
शुक्रवार, दुपारी

हे सगळं वाचून मौज वाटली. फॉन्ट, ल, श, सगळं ठीक आहे, पण साधनच उद्या राहिलं नाही तर? टूनडू हे असंच कॉमिकचं साधन, आठवतं का कोणाला? बंद झालं. तसंच बिटस्ट्रिप्स, शाळांमध्ये केवढं चालायचं! २०१६ मध्ये स्नॅपचॅटवाल्यांनी कंपनी घेतली, चेहऱ्यांची चित्रं ठेवली आणि पट्ट्यांचं दुकान त्याच वर्षी गुंडाळलं. फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणाऱ्या जुन्या प्रणालीवर) चालणारी जी काही होती त्यांचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला गेला. माझ्या थोरल्या नातीनं केलेल्या पट्ट्यांपैकी आज जी एक पाहायला मिळते ती आमच्या फ्रिजवर चिकटवलेली. बाकीच्या ज्या खात्यात होत्या त्याचा पासवर्डही कोणाला ठाऊक नाही.

तेव्हा पट्टी झाली की त्याच दिवशी छापा किंवा उतरवून ठेवा. आणि मुलांना एकमेकांच्या चेहऱ्याची पात्रं करू देऊ नका. नातीच्या वर्गात एका मुलाचं असं पात्र करून त्याला चिखलात पाडलं होतं. सगळे हसले, तो शाळेत यायचा बंद झाला.

ताई, साधं सादरीकरणाचं सॉफ्टवेअर का नाही वापरत? त्यात बोलीचे फुगे आकारांच्या यादीत असतात, देवनागरी नीट चालते आणि फाइल आपल्या हातात राहते. टोप्या नाहीत, एवढंच.

---

प्रेषक: वेबदादा
शुक्रवार, दुपारी

नाना, फ्लॅश गेलं ते बरंच झालं. सुरक्षेच्या दृष्टीनं चाळणी होती ती.

---

प्रेषक: शाळा समन्वयक
शुक्रवार, संध्याकाळी

खात्यांचा प्रश्न बाजूला पडतोय म्हणून लिहिते. मुलांनी स्वतःची खाती काढायची नाहीत, खोटं जन्मसाल तर मुळीच नाही. शिक्षकाच्या खात्यातून वर्गाचा दुवा किंवा सांकेतिक क्रमांक देता येतो, मूल ईमेल न देता आत येतं आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी राहते. या साधनात ती सोय आहे, फक्त ती कोणी चालू केलेली नव्हती. पडद्यावर पूर्ण नावाऐवजी टोपणनाव. ज्यांनी मुलांची खाती काढली असतील त्यांनी पट्टी उतरवून घ्यावी आणि खातं बंद करावं. पालकांकडून संमतीची चिठ्ठी रविवारी घेऊ, मसुदा मी करते. तो संकेतस्थळावर टाकायचा की नाही ते मीच ठरवेन, वेबदादा.

---

प्रेषक: एक पालक (तिसरा स्तर)
शुक्रवार, संध्याकाळी

उत्तम. चिठ्ठी आधी मेलवर पाठवाल का? रविवारी दारात सही करायला सांगितलं की कोणी वाचत नाही.

---

प्रेषक: तिसऱ्या स्तराची ताई
शुक्रवार, रात्री

ब्राउझरमधून पीडीएफ केली. जोडाक्षरं शाबूत, इकार जागेवर. अंतर शून्य केल्यावर शिरोरेघही जुळली. ‘दुसऱ्या’ हातानं पुन्हा टंकला. वेबदादा, आभार, आणि तुम्ही आधी विचारायला सांगितलं होतं हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे.

एक पट्टी अजून नीट होत नाही. तिच्यातला ‘धाडकन’ तिरका फिरवलेला आहे आणि छापताना तेवढाच गायब होतो. ती मुलगी नाराज आहे, कारण आधी तिथं इंग्रजी ‘बूम’ होतं आणि मराठी आवाज शोधायला तिनं वेळ घातला होता. ‘धडाम’, ‘धप्प’, ‘धाडकन’ वर्गात सगळ्यांनी मोठ्यानं ओरडून पाहिले, मग तिनं निवडला. त्या एका पट्टीत मी माईंचं ऐकते: मोकळी जागा छापते, ती स्केचपेननं लिहील.

आजोबांचा खेळ पुढच्या सत्रात नक्की घेणार. माई, तेव्हा मागे न बसता पुढे उभ्या राहा.

नाना, सादरीकरणाचं सॉफ्टवेअर चालेल, पण मुलांना हात-पाय वळवता येणारी पात्रं हवी असतात. रागावलेलं पात्र नुसत्या भुवयांनी दाखवलं की तिथं काय लिहायचं ते त्यांना सुचतं. मला तेवढ्यासाठीच हे साधन हवंय.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, रात्री

पुढे उभी राहीन. फळा मात्र लागेल.

---

प्रेषक: अण्णा (अंक)
शनिवार, सकाळी

अंकासाठीच्या फाइली एकेका पट्टीची वेगळी पीडीएफ अशा पाठवाव्यात, सगळ्या एकत्र नकोत. पंधरा मिमी समास. ‘ल’चं बघू.

---

प्रेषक: खजिनदार
शनिवार, सकाळी

रंगीत छपाई करायची असेल तर आधी सांगा. मागच्या वेळी शाई मंडळाची आणि कागद शाळेचा असं ठरलं होतं, ते अजून लागू आहे का?

---

प्रेषक: शाळा समन्वयक
शनिवार, सकाळी

लागू आहे. भिंतीवरच्या रंगीत, अंकातल्या काळ्या-पांढऱ्या. ताई, उद्या वर्गाच्या अर्धा तास आधी ये, कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.