शब्दचर्चा : नाव एकच, ठिकाणं अनेक (बुद्रुक, भैरवगड, घाट, मुळा वगैरे)

पत्तेवारी
एकाच नावाची दोन-चार गावं असणं, याला मराठीत नेमका शब्द कोणता? वर्तमानपत्रांत 'नामसाधर्म्य' दिसतं, मराठी विकिपीडियावर 'निःसंदिग्धीकरण' असं भारदस्त प्रकरण आहे. दुसरी शंका गावांच्या शेपटांची. बुद्रुक, खुर्द, कसबे, मौजे, तर्फे यांचा अर्थ काय आणि ती गाळली तर बिघडतं का? तिसरी, नाव गावाचं नसून वस्तूचं असेल (पाट, मोरी, घाट), तर तेही याच सदरात मोडतं का?

कोशकिडा
'नामसाम्य' लिहा. साधर्म्य म्हणजे धर्म, म्हणजे गुण, सारखे असणं. मुख आणि चंद्र यांत साधर्म्य असतं, म्हणून उपमा जमते. रायगड जिल्ह्यातलं कर्जत घाटाच्या पायथ्याचं रेल्वेचं गाव, अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत कोरडवाहू टापूतलं. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, एवढं सोडलं तर धर्म कुठला सारखा? सारखं आहे ते फक्त नाव. 'नामसाधर्म्य' रूढ झालंय, चूक म्हणून कोणी खोडणार नाही, पण नेमकेपणा हवा तर नामसाम्य. 'निःसंदिग्धीकरण' हे सारखेपणाचं नाव नव्हे, सारखेपणातून होणारा घोळ निस्तरण्याच्या कृतीचं आहे. बोलताना जीभ अडखळते, तेव्हा 'उलगडा' पुरे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल, कारण तिथे तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात.

एक, तेच नाव पुन्हा पुन्हा ठेवलं गेलं. वड दिसला, वडगाव झालं. पिंपळ दिसला, पिंपळगाव. कळंब म्हणजे कदंबाचं झाड, म्हणून कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे, यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि इंदापूर तालुक्यातही आहे. ही नावं एकमेकांकडून उसनी घेतलेली नाहीत. ज्याचा बाजार दहा कोसांत उरकतो, त्याला शंभर कोसांवरच्या वडगावशी देणंघेणं नव्हतं.

दोन, एकाच शब्दाचा अर्थ पसरत गेला. घाट याचं उत्तम उदाहरण, त्याबद्दल कोणी डोंगरातलं लिहीलच.

तीन, मुळात शब्दच दोन, उच्चार योगायोगाने एक झाला. इथे सामान्यरूप (विभक्ती लागताना होणारं शब्दाचं रूप) लावून पाहावं. 'माळावर गुरं सोडली' आणि 'माळेतला मणी तुटला'. पहिला माळ पुल्लिंगी, दुसरी माळ स्त्रीलिंगी. म्हणजे हे दोन शब्द. हार तसाच, 'हार घातला' आणि 'हार पत्करली'. मुळा घ्या. पुण्याची नदी मुळा, 'मुळेला पूर आला', आणि भाजीतला 'मुळ्याचा पाला'. चुकून 'मुळ्याला पूर आला' लिहिलं, तर लोक हसतील.

सातबारा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बुद्रुक हे फारसी 'बुजुर्ग'चं मराठी रूप, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं, लहान. 'खुर्दा' म्हणजे सुट्टे पैसे, तोच शब्द. कागदावर बु।। आणि खु।। असे संक्षेप दिसतात. गाव फुटून दोन वस्त्या झाल्या की मूळ किंवा मोठी ती बुद्रुक, नवी किंवा लहान ती खुर्द, असा साधारण नियम. ही वडिलकी नाव पडलं तेव्हाची. आज खुर्दची लोकसंख्या बुद्रुकच्या दुप्पट असली, तरी नाव फिरत नाही. तेव्हा आकारावरून कोणतं कुठलं ते ओळखायला जाऊ नका.

कसबे आणि मौजे ही जोडी वेगळी. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, परगण्याच्या कारभाराचं गाव. मौजे म्हणजे साधं शेतीचं खेडं. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे शेजारीशेजारी आहेत, सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज. दस्तात कुठल्याही गावाआधी 'मौजे' लिहितात, ते निव्वळ 'गाव' या अर्थी. सुकेणे-डिग्रजांच्या बाबतीत मात्र मौजे हा नावाचाच भाग आहे. दस्त लिहिणाऱ्याने तो सवयीचा शब्द समजून गाळला, की सुकेणे कुठलं हे कळायला मार्ग उरत नाही.

'तर्फे'चा इथे 'च्या वतीने' याच्याशी संबंध नाही. तर्फ हा परगण्याखालचा जुना महसुली विभाग. रायगडच्या कर्जत तालुक्यात दहिवली तर्फे नीड आणि दहिवली तर्फे वरेडी अशी दोन गावं आहेत. तर्फा गेल्या, गावांच्या नावांत तेवढ्या राहिल्या.

शेपूट गाळलं तर काय बिघडतं? सातबारा ऑनलाइन काढताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक असा क्रम असतो. गावांच्या यादीत बु. आणि खु. एकाखाली एक येतात. घाईत चुकीचं निवडलं, तरी संगणक 'असा गट नाही' म्हणत नाही. गट क्रमांक प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात, त्यामुळे गट ४५ बुद्रुकमध्येही असतो आणि खुर्दमध्येही. उतारा व्यवस्थित उघडतो, फक्त दुसऱ्याच्या जमिनीचा. म्हणून आधी खातेदाराचं नाव वाचा, मग क्षेत्र जुळवा, मगच छापा. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत एलजीडी संकेतांकही (सरकारी यादीतला त्या गावाचा क्रमांक) असतो. दोन उतारे एकाच गावचे का, हे पाहायला तो आकडा नावापेक्षा भरवशाचा.

टपालपेटी
पत्त्याचंही तेच. 'मु. पो.' एकत्र लिहिलं म्हणजे राहतं गाव आणि टपाल कार्यालयाचं गाव एकच. गावात टपाल कार्यालय नसेल, तर मु. वेगळं, पो. वेगळं लिहायचं. 'मु. पो. वडगाव खुर्द' लिहिलं आणि तिथे कार्यालयच नसलं, तर पत्र त्याच नावाच्या दुसऱ्या वडगावी जाऊन पडतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्यामागे भाषांची आणि लिप्यांची अडचण होती, तशीच ही नामसाम्याची होती. कर्जत रायगड ४१०२०१, कर्जत अहिल्यानगर ४१४४०२. पहिले दोन आकडे दोन्हीकडे सारखे, म्हणून शेवटचे आकडे खरडू नयेत. खेडचंही पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड ४१५७०९, पुणे जिल्ह्यातलं ४१०५०५. पुण्याचं खेड हुतात्मा राजगुरूंच्या नावाने राजगुरुनगर झालं, तालुक्याचं नाव मात्र खेडच. म्हणून 'राजगुरुनगर, ता. खेड' हा पत्ता बरोबर आहे, दुरुस्त करू नका.

वऱ्हाडवाट
वऱ्हाडात शेपटं जास्त बोलकी आहेत, ती यायला हवीत. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, दोन्ही तालुके. एकाला बाजार, एकाला रेल्वे. चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, इतकं सरळ. तिथे 'मी चांदूरला निघालो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'कोणतं?' कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही, दोन्ही बुलढाण्यात. शिरूर तर तीन तालुक्यांचं नाव आहे. पुणे जिल्ह्यातलं नुसतं शिरूर (जुने लोक घोडनदी म्हणतात), बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ. लातूर जिल्ह्यातच शिरूर ताजबंदही आहे, ते वेगळं.

जे आधी किंवा जास्त गाजलं ते बिनशेपटाचं राहतं, बाकीच्यांनी शेपूट लावायचं, असा हा व्यवहार. मालेगाव म्हटलं की नाशिकचं धरतात. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावकरांना दर वेळी जिल्हा सांगावा लागतो, त्यांचंही तालुक्याचंच गाव असून.

नदीकाठ
नद्या सुटल्या. नदीला शेपूट लावायची पद्धत नाही, त्यामुळे घोळ जास्त. पूर्णा तीन. विदर्भातून वाहत तापीला मिळते ती एक, अजिंठ्याच्या डोंगरातून निघून मराठवाड्यात गोदावरीला मिळते ती दुसरी, गुजरातेत नवसारीवरून समुद्राला जाते ती तिसरी. परभणी जिल्ह्यातलं पूर्णा जंक्शन दुसरीच्या काठचं. 'पूर्णेला पूर' एवढ्याच मथळ्यावरून अकोल्याच्या माणसाने घाबरावं की परभणीच्या, हे कळत नाही. बातमीत खोरं लिहावं, 'तापी खोऱ्यातली पूर्णा'. मुळाही दोन. पुण्यात मुठेला मिळते ती, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेला मिळते ती. मुळा धरण या दुसरीवर, राहुरी तालुक्यात. पुण्याच्या मुळेवर ते शोधू नये.

डोंगरवाट
किल्ल्यांत सगळ्यात वाईट प्रकार भैरवगड. मुरबाड तालुक्यात मोरोशीचा भैरवगड, अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा, त्याच अकोले तालुक्यात कोथळ्याचा, आणि पाटण तालुक्यात हेळवाकचा. म्हणजे इथे तालुका सांगूनही भागत नाही. त्यामुळे भटक्यांनी पायथ्याच्या गावाचं नाव जोडायचा रिवाज पाडला, आणि तो योग्यच आहे. मोरोशीचा माथा गाठायला दोर आणि कडा चढायची तयारी लागते, शिरपुंज्याचा पायवाटेने होतो. नुसतं 'भैरवगड' लिहून बेत आखला, तर कोणी चपला घालून भिंतीसारख्या कड्याखाली उभा राहायचा. माणिकगडही दोन, रायगड जिल्ह्यात आणि चंद्रपूर जिल्ह्यात, पण त्यांत एवढं अंतर आहे की सहसा कोणी चुकत नाही.

आता घाट. मराठीत घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगर ओलांडायची वाट. नाणेघाट, कुंभार्ली घाट, आंबा घाट, वरंधा घाट, सगळ्या वाटा. युरोपीय लोकांनी वाटेचं नाव अख्ख्या रांगेला दिलं, आणि आपण त्याचा 'पश्चिम घाट' असा उलटा तर्जुमा करून घेतला. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेला तोही याच नावाने. आपला शब्द सह्याद्री. सरकारी संदर्भात पश्चिम घाट चालेल, पण 'आम्ही पश्चिम घाट चढलो' कानाला खटकतं. घाट चढायचा म्हणजे एक कुठला तरी घाट चढायचा.

नदीचा घाट परका नाही. संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीवर उतरायची जागा. पायऱ्यांनी पाण्याकडे उतरा किंवा वाटेने कोकणात, उतरणं दोन्हीकडे आहे. 'घाटदार भांडं' आणि 'लग्नाचा घाट घातला' यांतला घाट मात्र 'घडणं'च्या कुळातला, म्हणजे घडण, आकार, बेत. माझ्या मते इथे शब्द दोन धरावेत.

घाटाहून अरुंद आणि खड्या, पाण्याने कापलेल्या उताराच्या वाटेला 'नाळ' म्हणतात. बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ. हे सिंगापूर सह्याद्रीच्या काठावरचं खेडं आहे, विमान लागत नाही.

शंकासुर
कोशकिड्यांची सामान्यरूपाची कसोटी नाळेवर चालत नाही. बाळाची नाळ आणि डोंगराची नाळ, दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींचं 'नाळेत'. मोरीचंही तसंच. घरातली भांडी घासायची मोरी, रस्त्याखालून पाणी काढून देणारी मोरी, आणि कोकणात मुशी माशाला म्हणतात ती मोरी. तिन्ही 'मोरीत', 'मोरीला'.

कोशकिडा
बरोबर पकडलंत. कसोटी एकाच बाजूने चालते. रूप वेगळं निघालं तर शब्द नक्की दोन, रूप एकच निघालं तर काहीच सिद्ध होत नाही. मग अर्थ जोडता येतो का ते पाहायचं. घरातली मोरी आणि रस्त्याखालची मोरी, दोन्ही पाणी वाहून नेतात, तेव्हा एक शब्द. मासा वेगळा. नाळ दोन्हीकडे लांब, पोकळ मार्ग आहे, म्हणून मी ती एकच धरीन, पण कोणी भांडलं तर ऐकून घेईन.

पाट याहून अवघड. बसायचा पाट, शेताला पाणी देणारा पाट ('पाटबंधारे' त्यावरूनच), आणि पुनर्विवाह या अर्थी पाट लावणं. तिन्ही पुल्लिंगी, सामान्यरूप 'पाटा-'. संदर्भाशिवाय उलगडा नाही. 'पाटावर बसला'तही तो जेवायला बसला की कालव्याच्या काठावर, हे पुढच्या वाक्यावर ठरतं.

रस्तेबांधणी
मोरीला तांत्रिक मर्यादाही आहे. रस्त्याच्या कामात ६ मीटर लांबीपर्यंतची ती मोरी, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल, त्याहून लांब तो मोठा पूल. बातम्यांत ४ मीटरच्या मोरीला 'पूल वाहून गेला' लिहितात, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच येतं.

पत्तेवारी
एक शेवटचं. विभक्ती गावाला लागते की शेपटाला?

सातबारा
शेपटाला. 'वडगाव बुद्रुकला', 'चांदूर बाजारहून', 'देऊळगाव राजात'. 'वडगावला बुद्रुक' कोणी म्हणत नाही. शब्द आधी येत असेल तर तो जागचा हलत नाही, 'कसबे सुकेण्याला', 'मौजे डिग्रजहून'. 'कसब्या सुकेण्याला' असं होत नाही. 'तर्फे'च्या नावांतही विभक्ती टोकालाच, 'दहिवली तर्फे वरेडीत'. आणि बु., खु. हे संक्षेप तक्त्यात ठीक, पण वाक्यात पूर्ण लिहा. 'वडगाव बु.ला' छापलेलं वाचताना अडखळायला होतं, आणि टिंब उडालं तर पुढचा माणूस ते 'वडगाव बुला' वाचतो.