मदत हवी आहे: लांब इंग्रजी शब्द तोडायचे कुठे, जोर कुठे द्यायचा?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे, पुढच्या वर्षी एसएसएलसी (कर्नाटकातली दहावीची परीक्षा). परवा तिनं वहीत ‘फोटोग्राफी’ हा शब्द ‘फोटो’ आणि ‘ग्राफी’ असा तोडला. मॅडमनी तो खोडून चार तुकडे करून दिले: फ-टॉ-ग्र-फी. शब्द तर फोटो आणि ग्राफी मिळूनच झालाय ना? मग तिचं चुकलं कुठे?

दुसरं म्हणजे ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ ती आपल्या ‘जबाबदारी’सारखं एका सुरात वाचते. मॅडम म्हणतात, जोर ‘बि’वर हवा, ‘रिस्पॉन्सिबल’मध्ये मात्र ‘स्पॉन्’वर. असे शब्द एकेक पाठच करायचे का? मी दहावीपर्यंतच शिकले, पण रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसते. मला हे नीट समजून घ्यायचंय.

उत्तर
ताई, मी निपाणी भागात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलीनं तुकडे अर्थाचे केले, मॅडमना उच्चाराचे हवे होते. तुमचा ‘जबाबदारी’च घ्या. शब्द बनला ‘जबाबदार’ला ‘ई’ लागून, पण आपण बोलतो ज-बाब-दा-री. ‘र’ उठून ‘ई’जवळ जाऊन बसला. कानडी ‘जवाब्दारी’तही तेच.

फरक जोराचा. आपल्याकडे ‘ई’ लागल्यानं जोर उड्या मारत नाही, इंग्रजीत काही प्रत्यय तो ओढून घेतात. शेवटी ‘इक’, ‘शन’, ‘इटी’ आलं की जोर बहुधा त्याच्या लगेच आधी. फोटोग्राफमध्ये ‘फो’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रॅ’वर. इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक्’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. ‘ग्राफी’, ‘लॉजी’वाल्या शब्दांत तो शेवटून तिसऱ्या तुकड्यावर येतो, म्हणून फोटोग्राफीत ‘टॉ’वर. अपवाद आहेत: पॉलिटिक्समध्ये जोर ‘पॉ’वरच.

आणि जोर गेला की स्वर विरघळतो. ‘फोटो’तला ठसठशीत ‘फो’ फोटोग्राफीत नुसता ‘फ’ उरतो. देवनागरीत लिहिलेल्या ‘फोटोग्राफी’त हे दिसत नाही, म्हणून मुलं अडतात. शब्दकोशात उच्चार बघा. बऱ्याच कोशांत जोराच्या तुकड्याआधी वर छोटी उभी रेघ असते.

धागाकर्ती
सर, आभारी आहे. रात्री तिला ‘नॅशनॅलिटी’ दिला, तिनं जोर दुसऱ्या ‘नॅ’वर बरोबर दिला! ‘डेव्हलपमेंट’ला अडलो. ‘मेंट’च्या आधी जोर का?

उत्तर
नाही ताई, ‘मेंट’ जोर हलवत नाही. मूळ शब्द डि-वे-लप, जोर ‘वे’वर. डेव्हलपमेंटमध्येही तो तिथंच.